रानाला पाटी लावताना : न्यूयॉर्क राज्यात जमीन ‘पोस्ट’ करण्याची रीत

जमीन घेतली, खरेदीखत नोंदवलं, न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्रमंडळींना फोटो पाठवले. मग पहिल्याच नोव्हेंबरात रानात गेलो, तर मेपलच्या झाडावर मचाण बांधून नारिंगी जाकिटातला एक माणूस मांडीवर बंदूक घेऊन निवांत बसलेला. मला बघून आधी त्यानंच हात हलवला. खाली उतरला आणि म्हणाला, “मी इथे बावीस वर्षं बसतोय. तुम्ही कोण?”

त्याचं चुकलं असं म्हणता येईना. माझ्या ४० एकरांच्या हद्दीवर ‘आत येऊ नये’ अशी एकही पाटी नव्हती. (अशा पाट्या लावण्यालाच इथे जमीन ‘पोस्ट’ करणं म्हणतात.) आधीच्या मालकानं त्याला कधीतरी तोंडी ‘ये’ म्हटलं होतं. मालक बदलल्याचं हरणांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही.

त्यानंतर मी पाट्या लावल्या, चुकीच्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. गेल्या काही वर्षांत न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल्सच्या डोंगरांकडे जमिनी घेऊ लागली आहेत. जाहिरातीत ‘हंटिंग लँड’ लिहिलेलं असतं, आपण घेतो ते झऱ्यासाठी आणि शांततेसाठी. मलाही शिकारीतलं काही कळत नाही. म्हणूनच हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. नियम न्यूयॉर्क राज्याचे आहेत. पेन्सिल्व्हेनियात जमीन असेल तर आठव्या टप्प्यावर थोडं वेगळं आहे, ते वाचा. हद्दीवरून खरंच वाद असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवून वकील गाठा.

१. पाटी कशासाठी, ते आधी समजून घ्या

आपल्याला वाटतं, जमीन माझी म्हटल्यावर आत कुणी यायचंच नाही. इथला कायदा तसा नाही. न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत कलम १४०.०० आहे. जी जमीन पडीक आहे, वापरात दिसत नाही आणि जिला कुंपण नाही, तिच्यात शिरणारा माणूस परवानगीनेच शिरला असं ते धरून चालतं. त्याला प्रत्यक्ष सांगितलेलं असेल किंवा ठळक जागी पाट्या असतील, तरच ही सूट जाते. आपलं रान म्हणजे नेमकी अशीच जमीन.

पाटी कशी असावी हे पर्यावरण संवर्धन कायद्याच्या कलम ११-२१११ मध्ये आहे. थोडक्यात असं:

- पाटी किमान ११ इंच बाय ११ इंच.
- ‘पोस्टेड’ हा शब्द किंवा मनाईचा मजकूर किमान ८० चौरस इंच जागा व्यापणारा.
- पाटीवर मालकाचं किंवा कायदेशीर वहिवाटदाराचं नाव आणि पत्ता. त्यांनी अधिकार दिलेल्या व्यक्तीचं किंवा क्लबचंही चालतं.
- दोन पाट्यांमधलं अंतर जास्तीत जास्त ६६० फूट. प्रत्येक बाजूला किमान एक, आणि जो कोपरा नक्की सांगता येतो तिथे एक.
- फाटलेल्या, पुसट झालेल्या, गायब झालेल्या पाट्या वर्षातून एकदा तरी बदलायच्या.

ते ६६० फूट वाचून मी थबकलो होतो. आपल्याकडे जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, आणि ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. इथली जुनी साखळी ६६ फुटांची, आपल्या बरोब्बर दुप्पट. ६६० फूट म्हणजे इथल्या दहा साखळ्या, आपल्या वीस. माझी जमीन जवळजवळ चौरस आहे: बाजू १,३२० फूट, म्हणजे आपल्या ४० साखळ्या, ४० गुणिले ४० झाले १,६०० गुंठे. परिघ ५,२८० फूट, पूर्ण एक मैल. भागिले ६६० केलं की आठ पाट्या. चार कोपऱ्यांवर, चार बाजूंच्या मध्यावर. एवढ्यानं कायद्याचं समाधान होतं. रानाचं होत नाही, ते पुढे सांगतो.

२. कागद जमवा

- खताची प्रत. काउंटी क्लार्कच्या कचेरीत मिळते. माझी जमीन डेलावेअर काउंटीत, तिचं मुख्य गाव ‘दिल्ली’. स्पेलिंग आपल्याच दिल्लीचं, उच्चार ‘डेल्हाय’. ‘जमिनीचे कागद आणायला दिल्लीला चाललोय’ हे वाक्य सासऱ्यांना फोनवर समजावताना माझा अर्धा तास गेला.
- मोजणीचा नकाशा. परवानाधारक सर्वेअरनं सही-शिक्का करून दिलेला. खरेदीच्या वेळी मिळाला नसेल तर आधीच्या मालकाला विचारा.
- टॅक्स मॅपचा क्रमांक. मालमत्ता कराच्या बिलावर असतो. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा समजा.
- टायटल इन्शुरन्सची (मालकी हक्काच्या विम्याची) प्रत. तुमच्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचा वाट वापरायचा हक्क आहे का, ते इथे सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

इथे एक सापळा आहे. काउंटीच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलच्या ॲपवर हवाई फोटोवर हद्दीच्या रेघा दिसतात. त्या कर आकारणीसाठी ओढलेल्या असतात. जागेवर त्या सहज तीस-चाळीस फूट इकडेतिकडे निघतात. फोनवरचा निळा ठिपका त्या रेघेवर आला म्हणून तिथे खिळा ठोकू नका. दुसऱ्याच्या जमिनीवर आपली पाटी लावणं हा आपलाच गुन्हा ठरतो.

३. हद्द पायाखालून घाला

एप्रिलच्या सुरुवातीला, बर्फ गेल्यावर आणि पानं फुटायच्या आत, एक अख्खा दिवस काढा. जूनमध्ये याच रानात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही.

आधी कोपरे शोधा. नव्या मोजणीत लोखंडी सळई पुरून वर प्लास्टिकची टोपी बसवलेली असते, त्यावर सर्वेअरचा क्रमांक. सळई पाचोळ्याखाली जाते. मला एक कोपरा शोधायला धातुशोधक भाड्याने आणावा लागला. जुन्या खतात सळई नसते. माझ्या खतातलं एक वाक्य साधारण असं: ‘तिथून ईशान्येस वीस साखळ्या, दगडांच्या राशीतल्या खुंटापर्यंत.’ खुंट केव्हाच कुजला. दगडांची रास मात्र आहे, शेवाळलेली, मधून एक बर्च वर आलेला. ती सापडली तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

कॅट्स्किल्समध्ये रानाच्या मध्येच दगडी गडगे दिसतात. हे एकेकाळचे शेतांचे बांध. शेती गेली, झाडं आली, गडगे राहिले. पुष्कळदा तीच हद्द असते. पुष्कळदा नसतेही, कारण एकाच शेतात आतले गडगे असायचे. नकाशावर ‘स्टोन वॉल’ असं लिहिलं असेल तरच माना.

होकायंत्र घेऊन जुन्या खतावरून चालायचं मनात आणू नका. त्यातल्या दिशा त्या काळच्या चुंबकीय उत्तरेच्या आहेत आणि ती उत्तर सरकत आलेली आहे. १,३२० फुटांच्या बाजूला एक अंश चुकला की टोकाला २३ फूट चुकतात. मोजणी नसेल तर सर्वेअर लावा. काही हजार डॉलर जातात, हो. पण बांध कोरण्यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे ज्यानं पाहिलेत, त्याला हे पैसे जड वाटू नयेत.

चालताना दर शंभरेक फुटांवर गुलाबी फीत बांधत जा. पाट्या नंतर या फितींवरून लावायच्या.

आणि गोचीड. इथली हरणांवरची गोचीड लाइम रोग देते, आणि ती उन्हाळ्यातच असते हा गैरसमज आहे. गोठणबिंदूच्या वर तापमान गेलं की ती हलते. पॅन्ट मोज्यांत खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. माझ्या बायकोला कानामागे सापडली होती, तिळाएवढी.

४. पाट्यांच्या आधी शेजारी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मीही गाळला होता. शनिवारी येऊन ठोकाठोकी केली आणि रविवारी परत एडिसन. पुढच्या महिन्यात आलो तर रस्त्याकडच्या बाजूच्या सगळ्या पाट्या खाली पडलेल्या, एकीत छर्ऱ्यांची भोकं.

गावच्या बाजूनं बघा. न्यू जर्सीची नंबरप्लेट आली, कुणाशी न बोलता पिवळ्या पाट्या लावून गेली. ज्या रानात आजोबांनी बापाला आणि बापानं पोराला शिकार शिकवली, ते एका दिवसात बंद. राग येणारच.

दुसऱ्यांदा मी दिवाळीनंतरच्या शनिवारी गेलो. शंकरपाळ्यांचे डबे घेऊन चार घरं केली. पलीकडच्या डोंगराकडे राहणारे एक म्हातारबा, दूधवाले शेतकरी, त्यांनी डबा घेतला आणि मला ट्रकमध्ये बसवून माझ्याच जमिनीची उत्तरेची हद्द दाखवली. सर्वेअरनं दाखवली होती तीच; फक्त त्यांनी वाटेत जुनी विहीर कुठे आहे तेही सांगितलं. ती नकाशावर नव्हती. दगडांनी बांधलेली, तोंडावर कुजक्या फळ्या. मी आणखी दोन पावलं गेलो असतो तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

भेटायला जाल तेव्हा एवढं विचारा: इथे कोण कोण शिकारीला येतं, मचाणं कुणाची आहेत, आणि आधीच्या मालकानं कुणाला शब्द दिला होता. नाही म्हणायचं असेल तर तेव्हाच, तोंडावर म्हणा. मचाण काढून न्यायला मुदत द्या. दुसऱ्याचं मचाण स्वतः उतरवून ठेवून घेऊ नका, त्यातून फुकटची कटकट होते.

५. पाटी घ्या आणि भरा

हार्डवेअरच्या किंवा शेतीसामानाच्या दुकानात छापील पाट्या गठ्ठ्यानं मिळतात. कागदी पुठ्ठ्याची घेऊ नका, एका हिवाळ्यात लगदा होतो. प्लास्टिकची चालते. ॲल्युमिनियमची महाग, पण कोपऱ्यांवर तीच लावा. पिवळ्यावर काळी अक्षरं रानात सर्वांत उठून दिसतात.

खाली ‘नाव’ आणि ‘पत्ता’ अशा दोन कोऱ्या रेघा असतात. त्या भरा. माझ्या पहिल्या चव्वेचाळीस पाट्यांवर त्या कोऱ्याच होत्या. मला वाटलं, घरचा पत्ता झाडाला कशाला टांगायचा! पुढे एकदा अधिकाऱ्याला दाखवायला नेलं तेव्हा तो पाटीपाशी वाकला, रेघेवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती.

साधा मार्कर उन्हानं वर्षभरात उडतो. तेलरंगाचा पेंट मार्कर घ्या आणि घरी टेबलावर बसून सगळ्या पाट्या भरा. रानात थंड बोटांनी चव्वेचाळीस वेळा पत्ता लिहून बघा म्हणजे कळेल.

मजकुरात कलाकारी नको. आमच्या हिनं मराठीतून एक खास पुणेरी मसुदा केला होता, वाचून मी हसत सुटलो. पण ८० चौरस इंचांत मनाईच दिसायला हवी, आणि टोमणा मारणाऱ्या पाटीवर गोळी लवकर बसते.

६. ठोका

सोबत न्यायचं सामान:

- दोन-अडीच इंची ॲल्युमिनियमचे खिळे आणि हातोडी
- फांद्या छाटायची कात्री
- मोजणीच्या नकाशाची प्रत आणि आधीच उतरवून ठेवलेला नकाशा असलेला फोन (रेंज नसते)
- नारिंगी जाकीट, पाणी, शिट्टी
- एक माणूस. एकट्यानं जाऊ नका.

खिळे ॲल्युमिनियमचेच का? पुढे कधी लाकूड विकलंत तर पोलादी खिळा करवतीचं पातं मोडतो आणि माणसाला इजा करतो. लाकूडतोडे खिळे मारलेलं झाड नाकारतात, किंवा भाव पाडतात.

खिळा पूर्ण आत ठोकू नका. अर्धा-पाऊण इंच बाहेर ठेवा. झाड जाड होत जातं आणि घट्ट ठोकलेली पाटी दोन-तीन वर्षांत मधून फुगून तुटते, नाहीतर साल तिला कडेनं गिळायला लागते. माझ्याकडे एका बीचच्या झाडात आधीच्या कुणाची तरी पाटी आहे, फक्त दोन अक्षरं बाहेर राहिलेली.

उंची डोळ्यांसमोर, पाचेक फूट. तोंड बाहेरच्या बाजूला. हसू नका, मी पहिली अख्खी बाजू उलटी लावली होती. आपण आतून चालत जातो, समोर येतं ते झाड, समोर दिसते ती बाजू, मारला खिळा. बाहेरून येणाऱ्याला पाटीची पांढरी पाठ. कोपऱ्यावर दोन लावा, दोन्ही दिशांना एकेक.

अंतराचं असं: कायदा ६६० फूट म्हणतो, पण हेमलॉकच्या दाट झाडीत ६६० फुटांत माणूस दोन पाट्यांच्या मधून सरळ आत येईल आणि खरं बोलून म्हणेल की मला काही दिसलं नाही. एका पाटीपाशी उभं राहिल्यावर पुढची दिसली पाहिजे. मी सुमारे १२० फूट धरले, म्हणून आठच्या चव्वेचाळीस झाल्या. जुनी लाकूडवाट, ओढ्याची पाऊलवाट, गडग्यातलं खिंडार, अशा शिरायच्या जागांवर जास्तीच्या लावा.

कुठे लावायच्या नाहीत: विजेच्या-टेलिफोनच्या खांबावर, रस्त्याच्या सरकारी पट्ट्यात, आणि नेमक्या हद्दीवर उभ्या असलेल्या झाडावर शेजाऱ्याला न विचारता.

ओढा किंवा नदी असेल तर आणखी एक गोष्ट. कॅट्स्किल्समधल्या बऱ्याच प्रवाहांच्या काठी राज्यानं पूर्वीच्या मालकांकडून मासेमारीचा कायमचा हक्क विकत घेतलेला आहे. काठापासून साधारण ३३ फुटांची पट्टी, पुन्हा आपली एक साखळी! तिथून गळ घेऊन जाणाऱ्याला तुमची पाटी अडवू शकत नाही. खतात हा हक्क नोंदलेला आहे का ते आधी बघा.

सगळं झालं की प्रत्येक पाटीचा फोटो काढा, तारीख आणि ठिकाणासह, एक जवळून आणि एक लांबून. वहीत क्रमांक घाला.

७. ज्यांना येऊ द्यायचंय त्यांना लेखी द्या

मी तिघांना देतो. मचाणावरचा तो माणूस त्यातला एक. चिठ्ठीत नाव, गाडीचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कशासाठी, आणि ‘ही परवानगी दुसऱ्याला देता येणार नाही’ एवढं. दरवर्षी नवी चिठ्ठी. ‘मेव्हण्याला घेऊन आलो’ हा प्रकार त्यानं थांबतो.

जबाबदारीची भीती बऱ्याच जणांना वाटते: पडला, लागलं, दावा केला तर? न्यूयॉर्कच्या जनरल ऑब्लिगेशन्स कायद्यात कलम ९-१०३ आहे. शिकार, मासेमारी, भटकंती अशा गोष्टींसाठी फुकट येऊ देणाऱ्या मालकाला ते बऱ्यापैकी संरक्षण देतं. पैसे घेतलेत, भाड्यानं दिलंत, की ते संरक्षण लागू होत नाही. मग करार आणि विमा दोन्ही हवेत. आणि जाणूनबुजून धोका तसाच ठेवणाऱ्याला कलम वाचवत नाही. माझी विहीर मी त्याच महिन्यात बुजवून घेतली. वाटेवर आडवी तार किंवा साखळी ताणू नका. चारचाकी मोटरसायकलवरून येणाऱ्याला संध्याकाळी ती दिसत नाही आणि गळ्याशी लागते. फाटक लावा, त्याला चमकणाऱ्या पट्ट्या लावा.

८. पेन्सिल्व्हेनियात जमीन असेल तर

तिथे जानेवारी २०२० पासून पाटीऐवजी जांभळा रंग चालतो. झाडावर किंवा खांबावर उभी रेघ, किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या मध्ये, दोन खुणांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. फिलाडेल्फिया आणि ॲलेघेनी या दोन काउंट्या वगळून. टेक्सासातही जांभळाच रंग आहे. न्यूयॉर्कात मात्र रंगावर विसंबू नका. तिथे झाडावरची रेघ म्हणजे फार तर हद्दीची किंवा लाकूडतोडीची खूण. सीमेच्या अलीकडे-पलीकडे जमिनी असलेल्या एका मित्रानं दोन्हीकडे जांभळा मारून ठेवला होता.

९. तरीही कुणी आत आलाच तर

त्याच्या हातात बंदूक आहे हे विसरू नका. आवाज चढवायचा नाही, वाट अडवायची नाही, पाठलाग तर नाहीच. लांबून नमस्कार करा, जमीन माझी आहे आणि परवानगीशिवाय प्रवेश नाही एवढं सांगा, निघायला सांगा. अर्धे लोक खरंच चुकून आलेले असतात. कुणी म्हणेल, जखमी हरीण तुमच्या हद्दीत आलंय, मला काढून न्यायचंय. तुमच्या परवानगीशिवाय त्याला तो हक्क नाही. पण द्या. हरीण सडत पडण्यापेक्षा बरं, आणि गावात नाव राहतं.

निघत नसेल किंवा वारंवार येत असेल तर गाडीचा क्रमांक, वेळ, फोटो घेऊन पर्यावरण संवर्धन पोलिसांना फोन करा. गावात त्यांना ‘एनकॉन’ म्हणतात. शेरिफ किंवा राज्य पोलिसांनाही चालतं. साध्या घुसखोरीला २५० डॉलरपर्यंत दंड किंवा १५ दिवसांपर्यंत कैद आहे. फोटोंची वही इथे उपयोगी पडते.

हंगामात स्वतःच्या रानात फिरतानाही नारिंगी जाकीट घाला, कुत्र्यालाही घाला. तुमचं रान असलं तरी शेजारच्या डोंगरावरून सुटलेली गोळी हद्द बघत नाही.

१०. दर वर्षीची फेरी

शिकारीसाठी राज्याचे विभाग पाडलेत; कॅट्स्किल्स ज्यात येतं त्या दक्षिण विभागात हरणांच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, बंदुकीचा नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. म्हणून फेरी सप्टेंबर संपायच्या आत. मला दसऱ्याला सीमेवर जायची फार हौस होती, पण दसरा कधी कधी ऑक्टोबरच्या मध्यापुढे जातो. तिथीचा नाद सोडून सप्टेंबरचा शेवटचा शनिवार धरला. वही काढायची, क्रमांकानुसार चालायचं, सैल झालेला खिळा बाहेर ओढायचा, पुसट झालेलं नाव पुन्हा गिरवायचं.

गेल्या वर्षी सात पाट्या बदलल्या. तीन अस्वलानं चावून टाकल्या होत्या, त्यांना प्लास्टिक का आवडतं कोण जाणे. दोन झाडानं फोडल्या. एक वादळात झाडासकट गेली. सातवी कुणीतरी काढून, खिळे सरळ करून, गडग्यावर नीट ठेवली होती. ती मी दहा फूट मागे लावली, कारण मोजून बघितलं तेव्हा ती शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली.